उपवासाच्या ताटातली अमेरिका

आषाढी जवळ आली की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरून येतो. एखाद्याची वारी चुकेल, पण याची फेरी चुकत नाही. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: उपवासाला काय खावं हे आपल्या ऋषिमुनींनी पाच हजार वर्षांपूर्वी शास्त्र पाहून ठरवलं. साबुदाणा, बटाटा, रताळं, राजगिरा, शेंगदाणे, हिरवी मिरची ही त्यांचीच निवड. ‘आलू’ शब्द संस्कृतातच आहे, तेव्हा बटाट्याला परदेशी म्हणणारे खोटारडे. आणि वांगं, कांदा, लसूण हे परक्यांनी, म्हणजे मोगलांनी आणलेलं, म्हणून चातुर्मासात वर्ज्य. शेवटी अर्थातच, दहा जणांना पाठवा.

मी यंदा पाठवला नाही. चहाचा कप घेऊन एकेक दावा तपासत बसले.

आधी ‘आलू’. संस्कृतात आलु, आलुक हे शब्द आहेत, अगदी खरं. पण ते कुठल्याही खाण्याजोग्या कंदाला लावत. पिंडाळू, रक्तालु अशी कंदांची नावं त्यातूनच झाली. पुढे उत्तरेत एक नवा कंद आला आणि लोकांनी जुनं नाव त्याच्या अंगावर चढवलं, मोठ्या भावाचा सदरा धाकट्याला घालावा तसं. मराठीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. आपण कंदाबरोबर नावही उचललं. ‘बटाटा’ हा पोर्तुगीज शब्द, आणि पोर्तुगिजांकडे तो कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. गंमत म्हणजे त्या बेटांवर त्याचा अर्थ होता रताळं! खरा बटाटा तिथला नव्हेच. तो अँडीज पर्वतातला, आजच्या पेरू-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवराच्या आसपास सात-आठ हजार वर्षांपूर्वी लागवडीला आलेला. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात नेला. भारतात त्याची लागवड खरी पसरली ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, इंग्रजांच्या उत्तेजनाने. रताळंही अमेरिकेचंच. त्याचं नाव रक्तालुवरून आलं असं मानतात, म्हणजे सदऱ्याची तीच गोष्ट.

नावावरून कुळ काढायची ही खोड मिरचीच्या बाबतीतही नडते. मजकुरात लिहिलंय की आयुर्वेदात ‘मरिच’ सांगितलंय, म्हणजे मिरची. नाही हो. मरिच म्हणजे मिरी, आपल्या मलबारच्या वेलीवरची काळी मिरी. तिखट लागणारी नवी शेंग आली तेव्हा मिरीवरूनच तिचं नाव मिरची पडलं. मुंबईकडे एके काळी ‘गोवाई मिरची’ असंही म्हणत, आणि त्या विशेषणात तिचा सगळा प्रवास आहे. मूळची ती मेक्सिकोकडची. कोलंबस १४९२ साली अमेरिकेच्या बेटांवर पोचला आणि मिरची युरोपला ठाऊक झाली. १५०० साली पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल याचं आरमार कालिकतला यायला निघालं होतं, ते वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं. तेव्हापासून लिस्बन, ब्राझील, आफ्रिका आणि आपला पश्चिम किनारा एका सागरी वाटेवर आले. १५१० साली गोवा पोर्तुगिजांच्या हाती गेल्यावर त्या वाटेवरचं हे बी-बियाणं उतरायला हक्काचं बंदर मिळालं.

त्याआधी आपण तिखट खात नव्हतो का? खात होतो की. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ बाराव्या शतकातला. त्यात राजाच्या जेवणाचं रसभरित वर्णन आहे: मांडे, वडे, डोशांची जुनी भावंडं, इतकंच काय भाजलेले उंदीरसुद्धा. तिखटपणा मात्र मिरीचा आणि आल्याचा. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-इ-अकबरी’त मुदपाकखान्याचा हिशेब मसाल्यांच्या भावांसकट दिलाय. मिरी आहे, हळद आहे, आलं आहे. मिरची नाही.

आता साबुदाणा. इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण ऋषींच्या नावावर खपवलेला हा सगळ्यात तरुण पदार्थ. ‘साबु’ हा शब्द मलाय भाषेतल्या ‘सागू’चा नातेवाईक. तिकडच्या बेटांवर सागू नावाचं ताडासारखं झाड असतं, त्याच्या खोडातल्या पिठाचे दाणे करतात. आपण जे भिजत घालतो ते त्या झाडाचं नाहीच. ते टॅपिओका नावाच्या कंदाचं पीठ, आणि हा कंद पुन्हा दक्षिण अमेरिकेचा, ब्राझीलकडचा. केरळात त्याला कप्पा म्हणतात. १८८० ते १८८५ या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेले विशाखम तिरुनाल महाराज यांनी तांदळाच्या टंचाईला उतारा म्हणून त्याच्या लागवडीला जोर दिला. पण त्याचे पांढरेशुभ्र दाणे भारतात मोठ्या प्रमाणात बनू लागले ते तामिळनाडूतल्या सेलममध्ये, आणि तेही १९४३ च्या सुमारास. दुसऱ्या महायुद्धाने पूर्वेकडून येणारा माल बंद केला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी कंद किसून, पीठ काढून, दाणे वळून, भाजून बघितले आणि जमलं. आजही आपल्या वाण्याकडच्या गोणीवर सेलमचं नाव सापडतं. म्हणजे आपल्या खिचडीतल्या साबुदाण्याचे कारखाने आमच्या आजीपेक्षा लहान. आजी हयात असती तर तिने हे ऐकून पदर तोंडाला लावला असता, आणि खिचडी तरीही केली असती.

शेंगदाण्याचं लवकर उरकते. दक्षिण अमेरिका, बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाचा पट्टा. आपण त्याला भुईमूग म्हटलं, म्हणजे भुईत लागणारा मूग. आपल्याकडे आधीपासून असता तर त्याला मुगाची ओळख सांगून घरात घ्यावं लागलं नसतं.

राजगिरा मला स्वतःलाही आपलाच वाटत होता. हिमालयाच्या उतारांवर त्याची लाल-जांभळी शेतं दिसतात, आपल्याकडे लाडू-वड्या, नावातच राज. पण दाण्यासाठी लावतात त्या राजगिऱ्याच्या जाती मेक्सिको, ग्वाटेमाला आणि अँडीजकडच्या. (पालेभाजी म्हणून खातो तो तांदुळजा मात्र आशियातला. चुलत घराणं समजा.) मेक्सिकोतले अ‍ॅझटेक लोक राजगिऱ्याचं पीठ मळून देवाच्या मूर्ती करत आणि सणाला त्या मोडून सगळ्यांना वाटून खात. स्पॅनिश पाद्र्यांना यात चर्चमधल्या, भाकर वाटून खाण्याच्या पवित्र विधीची टवाळी दिसली आणि त्यांनी तो प्रकार दडपला. तिकडे देवकार्यातून हद्दपार झालेलं धान्य इकडे येऊन एकादशीला बसलं. त्या मजकुरापेक्षा हे केवढं तरी भारी आहे, पण हे कोणी दहा जणांना पाठवत नाही.

आता वर्ज्य भाज्यांचा दावा. इथे मजकूर लिहिणाऱ्याने कमालच केलीय. वांगं म्हणे परकं! या अख्ख्या यादीत अस्सल आशियाई भाजी कुठली असेल तर हीच. हरियाणातल्या फरमाणा इथल्या हडप्पाकालीन स्वयंपाकाच्या भांड्यांवर आलं आणि हळदीबरोबर वांग्याचे अंश सापडले आहेत, म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी मसाल्याचं वांगं शिजवत होतं. संस्कृतातलं वातिंगण फारसीत बादिंजान झालं, अरबांनी ते स्पेनला नेलं, तिथून पोर्तुगीज बेरिंजेला, आणि पोर्तुगिजांनी तेच नाव परत आणून इंग्रजांच्या तोंडी ‘ब्रिंजल’ केलं. इतका फिरून घरी आलेला शब्द दुसरा दाखवा. हा मजकूर पाठवणारे आमचे काका जळगावचे आहेत, जिथल्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यांना परकं काय वाटावं!

कांदा-लसणाचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन्ही मध्य आशियाकडचे. पण ‘मोगलांनी आणले’ हे साफ खोटं. बाबर पानिपतावर जिंकला १५२६ साली. त्याच्या निदान हजार वर्षं आधीची मनुस्मृती पाचव्या अध्यायात लसूण, कांदा आणि अळंबी द्विजांनी खाऊ नये असं सांगते. जे गावातच नाही त्यावर बंदी कोण घालील? पाचव्या शतकात आलेला चिनी यात्रेकरू फाहियान लिहितो की मध्यदेशातले, म्हणजे उत्तर भारताच्या मधल्या मुलुखातले लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा. म्हणजे कोणीतरी खात होतंच, आणि कोण खातं यावरून माणसाची पायरीही ठरत होती. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा इथे मिळालेलं ‘बॉवर हस्तलिखित’ हा जुना संस्कृत वैद्यकग्रंथ तर सुरूच होतो लसणाच्या गुणवर्णनाने.

मग हे अमेरिकन पाहुणे उपवासाच्या ताटात शिरले कसे? माझा अंदाज सांगते. उपवासाचा जुना नियम साधा होता: धान्य नको, फळं-कंद-मुळं चालतील. ज्या भाज्या वर्ज्य होत्या त्यांची नावं यादीत होती. बटाटा, रताळं, टॅपिओका, शेंगदाणा आले तेव्हा यादी कधीच लिहून झालेली. त्यात त्यांचं नाव नव्हतं, धान्यात ते मोडत नव्हते, आणि पोट तर भरत होते. स्वयंपाकघरातल्या बायकांनी त्यांना कंदमुळांत बसवून घेतलं. यादी वनात नव्हे, चुलीपाशी वाढली. म्हणूनच तर ती घरागणिक बदलते. आमच्याकडे उपवासाला जिरं चालतं, सासरी नाही. कोणाकडे कोथिंबीर चालते, कोणाकडे भेंडीसुद्धा. पाच हजार वर्षांपूर्वी एकदाच ठरलं असतं तर जावाजावांत यावरून वाद कशाला झाले असते?

गेल्या एकादशीला मी हट्टाने १४९२ च्या आधीचा उपवास करून पाहिला. वरईचे तांदूळ, मिरीपूड घातलेली सुरणाची भाजी, नारळ घालून काकडीची कोशिंबीर, शिंगाड्याच्या पिठाची लापशी, आमसुलाचं सार. शेंगदाण्याची आमटी नाही, बटाट्याचा कीस नाही, मिरची नाही. दुपारपर्यंत नेटाने चाललं. साडेतीनच्या सुमाराला घरच्यांनी काही न बोलता डबा उघडला आणि साबुदाणा भिजत घातला. तुपात जिरं तडतडलं, हिरव्या मिरच्या पडल्या, कूट पडलं, आणि सगळ्यात आधी ताटली घेऊन मीच उभी होते.