विद्यार्थ्यांना ग्रंथालयापासून वाचवा!

नवी बॅच आली की वरून आदेश येतो: मुलांना ग्रंथालयात माहिती कशी शोधायची ते शिकवा. घाबरू नका. तुम्ही प्राध्यापक असा वा ग्रंथपाल, हे काम अशा बेताने उरकता येतं की आदेशही पाळला जातो आणि मुलं पुन्हा तिकडे फिरकतही नाहीत.

सगळ्यात महत्त्वाचा मुहूर्त. हा तास पहिल्याच आठवड्यात घ्या. त्या दिवसांत मुलांना स्वतःची वर्गखोली सापडत नसते, प्रोजेक्टचा विषय मिळालेला नसतो, डोक्यात शोधण्याजोगा एकही प्रश्न नसतो. तहान नसलेल्याला विहिरीचा नकाशा दाखवायचा तो आत्ताच. विषय हातात पडेपर्यंत चुकूनही थांबू नका. तेव्हा मुलं कान देऊन ऐकतात, शंका विचारतात, आणि तासाभराचं काम दुपारभर लांबतं. मलाही पहिल्या वर्षी अशीच ग्रंथालयाची फेरी मारून आणली होती. त्यातलं आजवर एकच लक्षात आहे: बॅगा कुठे ठेवायच्या.

सुरुवात इतिहासाने करा. मेल्विल ड्यूईने १८७६ साली दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना नंबर द्यायची पद्धत, प्रसिद्ध केलं हे सांगा, दहा मुख्य वर्ग घोकून घ्या आणि तिथेच थांबा. मधमाशीचं उदाहरण तर बिलकूल देऊ नका. कीटक म्हणून मधमाशी बसते ५९५.७९९ला आणि मधमाश्या पाळायचं पुस्तक शेतीच्या शेजारी ६३८.१ला. माशी तीच, पण मध्ये वैद्यक आणि इंजिनिअरिंगची अख्खी कपाटं. हे ऐकलं की एखादी मुलगी हमखास विचारणार, "सर, मग दोन्हीकडची पुस्तकं एकदम कशी कळणार?" झालं! आता कॅटलॉग उघडून विषयशीर्षक, म्हणजे एका विषयावरच्या सगळ्या पुस्तकांच्या नोंदीत घातलेलं एकच ठरलेलं नाव, दाखवणं आलं. वर तिला हेही कळणार की नंबर शोधून रॅकपाशी गेलं तर हव्या त्या पुस्तकाच्या डाव्या-उजव्या बाजूला त्याची भावंडं बसलेली असतात. अशी मुलगी मग तासभर रॅकपुढून हलत नाही आणि जाण्यायेण्याची वाट अडवते.

आता प्रत्यक्ष शोध. मुलगा शोधपेटीत लिहितो: "सोशल मीडियाचा तरुणांच्या मानसिक आरोग्यावर होणारा परिणाम सविस्तर माहिती". उत्तर येतं शून्य. त्या शून्याकडे त्याला मन भरून पाहू द्या. कॅटलॉगच्या नोंदीत सहसा पुस्तकातली पानं नसतात, शीर्षक, लेखक, विषय एवढाच मजकूर असतो, हे सांगितलंत तर तो वाक्य मोडून दोन-तीन शब्द काढेल, 'तरुण'साठी 'युवक', 'किशोर', 'विद्यार्थी' असे पर्याय कागदावर मांडेल, आणि 'सविस्तर माहिती' पुसून टाकेल. बरा मार्ग म्हणजे खिन्न चेहऱ्याने एवढंच म्हणायचं, "आपल्याकडे या विषयावर काही नाही."

शोधाचे शब्द जोडणारे अँड, ऑर, नॉट मात्र शिकवाच, कारण ते अभ्यासक्रमात असतात. फळ्यावर दोन वर्तुळं काढा, त्यामागचं तर्काचं गणित मांडणाऱ्या जॉर्ज बूलचं नाव घ्या, १८५४ हे साल लिहा आणि वर्तुळं पुसा. एक गैरसमज मात्र जिवापाड जपा. रोजच्या बोलण्यात 'आणि' म्हटलं की भर पडते, म्हणून मुलांना वाटतं की अँड घातल्याने निकाल वाढतील. घडतं नेमकं उलटं: अँड चाळण बारीक करतो, वाढवतो तो ऑर. हे एका वाक्यात सांगून टाकण्यासारखं आहे, म्हणूनच सांगू नका. समानार्थी शब्द ऑरने जोडून कंसात ठेवायचे आणि मग दुसऱ्या कंसाशी अँड, ही युक्ती ज्याला साधली तो तुमच्या हातून कायमचा गेला.

शब्दाच्या मुळापुढे तारा (*) टाकला की त्याची सगळी रूपं मिळतात, हेही सांगायला हरकत नाही, फक्त उदाहरण नीट निवडा. मांजरांवर प्रोजेक्ट करणाऱ्याला इंग्रजी 'कॅट'पुढे तारा टाकायला लावा. कॅटलॉग, कॅटेगरी, कॅटॅस्ट्रॉफी असा मेळा जमेल आणि त्याचा ताऱ्यावरचा विश्वास जन्मभरासाठी उडेल.

विषयशीर्षकांच्या वाटेला जायचंच झालं तर दरारा निर्माण करण्यापुरतं जा. वैद्यकातल्या मेश सूचीत हार्ट अटॅकचं मुख्य शीर्षक 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' असं आहे, एवढं गंभीरपणे उच्चारा. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या सूचीतलं 'कुकरी' हे शीर्षक बदलून 'कुकिंग' केलं ते २०१० साली, ही गंमत मात्र गाळा. सूचीतले शब्दही माणसांनीच ठरवलेले असतात आणि मागे राहू शकतात, हे कळलं की मुलं सूचीला घाबरणं सोडतात. मग तर ती एक बरं पुस्तक उघडून, त्याच्या नोंदीतलं विषयशीर्षक उचलून, त्याच शीर्षकाने बाकीची दहा बाहेर काढतात. (मी हे नोकरीला लागल्यावर शिकलो. तेही कॅटलॉगमध्ये चुकीच्या जागी क्लिक केल्यामुळे.)

पुस्तकाच्या शेवटच्या संदर्भसूचीतून मागे जाणं किंवा एखाद्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला ते पाहणं, असले उद्योग पीएच.डी.वाल्यांसाठी राखून ठेवा.

चॅटबॉटबद्दल दोनच भूमिका घ्या: सोमवारी बंदी, मंगळवारी कौतुक. त्याने दिलेला संदर्भ कॅटलॉगमध्ये टाकून किंवा डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून असा लेख खरोखर आहे का ते पाहणं, ही तिसरी भूमिका दोन मिनिटांची आहे, त्यामुळे तिच्यात भाषणाला वावच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. ही गोष्ट सांगितलीत तर मुलं हसतील आणि नेमकी लक्षात ठेवतील. तेव्हा नकोच.

ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं आहे 'वाचकाचा वेळ वाचवा'. ते छान फ्रेम करून लावा, शक्यतो त्या कॉम्प्युटरच्या वर, ज्याचा माउस चालत नाही.

शेवटी चाचणी घ्या: ड्यूईचं साल कोणतं, ग्रंथालय किती वाजता बंद होतं, ओपॅकचं (म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगचं) पूर्ण रूप काय. कोणी काय शोधलं आणि कसं शोधलं, ते विचारू नका. तपासायला वेळ जातो. मग फीडबॅक फॉर्म वाटा. सगळे 'उत्कृष्ट'वर खूण करतील, कारण खूण केल्याशिवाय दार उघडणार नाही.

एवढं करूनही एखाद्या संध्याकाळी, दिवे मालवायच्या पाच मिनिटं आधी, कुणीतरी काउंटरपाशी येऊन उभं राहील. हातात चुरगळलेला कागद, त्यावर तीन शब्द लिहिलेले, दोन खोडलेले. "मॅडम, हे असं शोधलं तर फार येतंय आणि असं शोधलं तर काहीच नाही." अशा वेळी किल्ल्यांचा जुडगा जोरात वाजवा. खुर्ची ओढून शेजारी बसलात तर तो उद्या आणखी दोघांना घेऊन येईल.