तिरकी रेघवाला ई

लिनक्सच्या टेक्स्ट कन्सोलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, एका फाइलमध्ये डोकवावे म्हणून मी 'कॅट' हा फाइल दाखवणारा आदेश चालवला आणि नजरचुकीने त्याला मजकुराऐवजी बायनरी फाइल खाऊ घातली. थोडी पीप-पीप झाली, कचरा सांडला आणि त्यातल्या 14 क्रमांकाच्या एका बाइटने घात केला. यूटीएफ-8 (जगभरच्या अक्षरांना क्रमांक देणारे युनिकोड बाइटांत लिहायची पद्धत) बंद असलेल्या कन्सोलवर त्या बाइटचा अर्थ 'दुसरा अक्षरसंच घ्या' असा होतो, आणि हा दुसरा संच म्हणजे 1978 सालच्या व्हीटी 100 या टर्मिनलचा, म्हणजे पडदा-कळफलकाच्या जुन्या यंत्राचा, चौकटी आखायचा संच. मी 'एल' दाबला की चौकटीचा कोपरा उमटे, 'क्यू' दाबला की आडवी रेघ. कॅपिटल अक्षरे मात्र जागच्या जागी, कारण हुद्देदारांची बदली सहसा होत नाही. यंत्राला माझे शब्द नीट पोहोचत होते, फक्त मलाच ते वाचता येत नव्हते. अखेर पडद्यावर उमटणाऱ्या रेघोट्यांकडे काणाडोळा करून मी आंधळेपणाने 'रीसेट' टंकले आणि अक्षरे माणसांत आली.

तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण आता यूटीएफ-8 चालू करून नवा फॉन्टही चढवावा, अशी मला हुक्की आली. त्यानंतर माथ्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ई' (é) जिथे यायचा, तिथे ग्रीक थीटा येऊन बसला. युनिकोडात या 'ई'चा क्रमांक 233, पण माझा फॉन्ट कोड पेज 437 या जुन्या पीसीच्या अक्षरक्रमाच्या वळणाचा. त्यात हा 'ई' 130 व्या घरात राहतो आणि 233 व्या घरात थीटा. कोणता क्रमांक कोणत्या घरात, हे माझ्या जुन्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारा युनिकोड तक्ता फॉन्टसोबत नव्हताच, त्यामुळे त्याने 233 वे दार ठोठावले आणि जो बाहेर आला त्याला पडद्यावर उभे केले. कर्नलला दोष कसा द्यावा? पत्ता मीच दिला नव्हता.

तक्ता जोडताच 'ई' घरी परतला, आणि मला आणखी अक्षरांची हाव सुटली. व्हीजीए या जुन्या पडदा-मानकाच्या फॉन्टमध्ये 256 आकृत्या मावतात. 512 हव्या असतील तर रंगाच्या माहितीतला उजळपणाचा बिट त्यासाठी द्यावा लागतो, आणि अक्षरांचे 16 रंग 8 वर येतात. मी दिला. तेव्हापासून पिवळ्याधमक इशाऱ्यांचा रंग तपकिरी झाला आहे, आणि वाढीव 256 आकृत्यांपैकी एकही मला अजून लागलेली नाही.