दादा, पुढचा कंट्रोलर कोणता घेऊ?

तुळशीची लग्नं लागली की माझ्या इनबॉक्समध्ये हा प्रश्न यायला सुरुवात होते. विचारणारी पोरं नाशिककडची: सिडकोतली, सातपूरची, ओझरची, सिन्नरची. बरेच जण दिवसा कंपनीत पाळी करतात आणि संध्याकाळी हळदी, संगीत, वाढदिवसाच्या ऑर्डरी वाजवतात. पुढचा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपला जोडून गाणी मिक्स करायचं डीजेचं यंत्र, बहुतेकांच्या घरात हप्त्यावर येतो. म्हणून "हा घे" असं एका ओळीत सांगून मोकळं होणं मला पटत नाही. आज सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एकच आहे. मॉडेलचं नाव शेवटी येतं. आधी हे सांगा की आत्ताच्या सेटअपवर तुमचं नेमकं कोणतं काम अडतंय. याचं उत्तर देता आलं नाही, तर पैसे अजून बँकेत राहू द्या.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे "दादा, आवाज फाटतो". आवाज फाटण्याचा आणि कंट्रोलर लहान असण्याचा संबंध फार थोडा आहे. मास्टरचे (बाहेर जाणाऱ्या एकूण आवाजाचे) लाल दिवे सतत पेटलेले असतील तर सिग्नल तिथेच कापला जातोय. डिजिटलमध्ये शून्य डीबीच्या वर जागाच नसते. कापलेला सिग्नल पुढे अँपमधून टॉपमध्ये (वरच्या स्पीकरमध्ये) जातो, त्यातले डायफ्राम (पडदे) उडतात आणि साउंडवाला तुमच्यावर चिडतो. चॅनलचा गेन (आत येणाऱ्या सिग्नलची पातळी) खाली घ्या, मास्टर हिरव्यात ठेवा आणि वरचा जोर साउंडवाल्याला अँपवरून देऊ द्या.

दुसरी गोष्ट गाण्यांच्या फाइल. यूट्यूबवरून उतरवून ३२० केबीपीएसमध्ये बदललेलं गाणं खरोखर ३२०चं होत नाही, फक्त फाइल जाड होते. १२८च्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच शिल्लक नसतं. मोबाइलवर ते कळत नाही, पण लॉनवर चार टॉप लागले की झांजा आणि टाळ्या खरखरीत ऐकू येतात. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गाणं टाकलं की आलेख दिसतो. १६ हजारावर सरळ रेषेत कापलेला दिसला तर ती फाइल कशातून आली ते ओळखा. गाणी रीतसर विकत घ्या. लग्नाला लागणारी आपली गाणी त्याच त्याच दोन-तीनशेंच्या आसपास फिरतात, एका हंगामात ती नीट जमवता येतात. महागडा कंट्रोलर घेऊन त्यात असली फाइल वाजवली, तर लोकांच्या कानावर तीच फाइल पडणार.

आता वायरीकडे येतो. या विषयावर आपल्याकडे कोणी बोलतच नाही. पायोनियरचा २०१८चा डीडीजे-४०० काय किंवा २०२२च्या शेवटी आलेला डीडीजे-एफएलएक्स४ काय, दोन्हींना मास्टर आउट फक्त आरसीए (घरच्या स्टीरिओला असते तशी लाल-पांढरी पिन) आहे. आरसीएची वायर घरात स्पीकरला दोन मीटर न्यायला उत्तम. गंगापूर रोडच्या किंवा औरंगाबाद नाक्याकडच्या एखाद्या लॉनवर मात्र डीजे टेबल एका कोपऱ्यात आणि साउंडवाल्याचा मिक्सर २० मीटरवर असतो. मध्ये डेकोरेशनच्या लाइटच्या वायरी, डिमर आणि जनरेटरची केबल. एवढ्या लांबीत आरसीए हा सगळा कचरा उचलते आणि हमिंग सुरू होतं. एक्सएलआरच्या (माइकला लागते तशा तीन पिनांच्या) बॅलन्स्ड वायरीत तोच सिग्नल दोन तारांवर सुलटा आणि उलटा जातो. वाटेतला कचरा दोन्ही तारांवर सारखा बसतो आणि पलीकडे वजा होतो. शिवाय आरसीएची पातळी उणे १० डीबीव्हीच्या हिशोबाची, साउंडवाल्याच्या मिक्सरची अधिक ४ डीबीयूची. फरक सुमारे १२ डीबीचा. साउंडवाला गेन वाढवून हा फरक भरून काढतो, त्याबरोबर हमिंगही वर येतं.

यावर उपाय नवा कंट्रोलरच असतो असं नाही. दोन चॅनलचा पॅसिव्ह डीआय बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करणारी छोटी डबी) घ्या. आखूड आरसीए वायरीने कंट्रोलर त्यात जोडा आणि पुढे मिक्सरच्या माइक इनपुटपर्यंत एक्सएलआर टाका. आतला ट्रान्सफॉर्मर अर्थिंगचा लूपही तोडतो. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर हमिंग बंद होत असेल, तर तुमचा दोष हाच लूप आहे हे नक्की समजा. नवीन कंट्रोलरच्या किमतीच्या मानाने डीआय बॉक्स अगदीच स्वस्त आहे. ज्यांना मी तो घ्यायला लावला, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या वर्षी कंट्रोलर बदललाच नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. चार चॅनल म्हणजे वरचा वर्ग, असा एक समज पसरलाय. डीडीजे-एफएलएक्स६ला चार चॅनल आहेत (एका वेळी चार गाणी हाताळता येतात), जॉग (हाताने फिरवायच्या चकत्या) मोठे आहेत, दिसायला देखणा आहे. मास्टर मात्र आरसीएच, आणि बूथ आउट (डीजेच्या जवळच्या स्पीकरसाठी वेगळा आउट) नाही. घरी मिक्स करणाऱ्याला, स्ट्रीमिंग करणाऱ्याला तो छान. लॉनवर लग्न वाजवणाऱ्याची अडचण त्याने सुटत नाही. मला विचाराल तर लग्नाच्या कामाला दोन चॅनल, एक्सएलआर मास्टर, वेगळा बूथ आउट आणि दोन माइक इनपुट हे चार चॅनलपेक्षा कितीतरी मोलाचं आहे. आपल्या कार्यक्रमात एक माइक निवेदकाकडे असतो, दुसरा नवरदेवाच्या मामांकडे, आणि दोघांनाही तो एकाच वेळी हवा असतो.

बूथ आउटला चैनीची गोष्ट समजू नका. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मुख्य स्पीकर तुमच्यापासून १७ मीटरवर असतील तर त्यांचा आवाज तुमच्या कानापर्यंत यायला ५० मिलिसेकंद लागतात. १२५ बीपीएमच्या (मिनिटाला १२५ ठोक्यांच्या) गाण्यात एक ठोका ४८० मिलिसेकंदांचा. म्हणजे हेडफोनमध्ये ऐकू येणारं पुढचं गाणं आणि समोरून येणारं चालू गाणं यांत ठोक्याच्या दहाव्या भागाहून जास्त फरक पडतो. तुम्ही बरोबर जुळवलेलं तुम्हालाच चुकीचं वाटतं, तुम्ही जॉग ढकलता आणि जुळलेलं बिघडतं. जवळ एक छोटा मॉनिटर आणि त्याला वेगळा आवाज देणारा बूथ आउट असला की हा सगळा घोळ थांबतो.

आणि आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट. कंट्रोलरचे व्हिडिओ बघताना त्यात हाउस, टेक्नो वाजत असतं. चार-चारचा सरळ ठोका, कॉम्प्युटरवर बनलेलं गाणं, टेम्पो पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकच. त्यावर सिंकचं (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं) बटन दाबलं की जादू झाल्यासारखं वाटतं. आपल्याकडे हळदीला काय वाजतं? कोळीगीत, लावणी, जुनी भीमगीतं, संबळ-पिपाणी, हलगी. ही जुनी गाणी वादकांनी समोरासमोर बसून वाजवलेली आहेत. ढोलकीवाला रंगात आला की लय चढते, कडव्यावर थोडी उतरते. सॉफ्टवेअरने एक टेम्पो धरून आखलेली बीटग्रिड (ठोक्यांच्या खुणांची जाळी) अशा गाण्यात मिनिटाभरात सरकते. त्यात बरीच गाणी सहा मात्रांच्या चालीची. मोठा ठोका १०० असेल, तर सॉफ्टवेअर चारात मोजायला जातं आणि १५० सांगून मोकळं होतं. अशा आकड्यावर सिंक दाबलं तर भर मांडवात पंचाईत.

रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये ॲनालिसिसचा डायनॅमिक मोड आहे, तो बदलत्या टेम्पोच्या गाण्यांसाठी वापरून बघा. सेराटो या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रिड हाताने ताणता येते. तरी संबळाच्या गाण्यांना शेवटी कान आणि हातच लागतात. म्हणून आपल्या कामाला जॉग आणि पिच फेडर (गाण्याचा वेग बदलायची सरकती पट्टी) महत्त्वाचे. लहान कंट्रोलरवरचा फेडर बोटाएवढा, त्यावर अर्धा बीपीएम सांभाळणं अवघड जातं. सीडीजेवर (क्लबमधल्या डीजे प्लेयरवर) आणि टेक्निक्सच्या टर्नटेबलवर तो १०० मिलिमीटरचा असतो. डीडीजे-१०००ला सीडीजेच्या मापाचे जॉग आहेत, हाताला लगेच फरक कळतो. नाशिक ढोलचं पथक समोर प्रत्यक्ष वाजतंय आणि तुम्ही त्याखाली ट्रॅक सोडताय, अशी वेळ आपल्याकडे नेहमी येते. तिथे सिंकला काही करता येत नाही, कारण ढोलवाले कोणत्याही ग्रिडवर बसलेले नसतात. हे ज्याला जमतं त्याला मी डीजे म्हणतो, मग त्याच्याकडे कोणताही डबा असो.

लॅपटॉपबद्दल. स्टेम्स, म्हणजे चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि ठेका वेगळा करणं, आता सेराटो, व्हर्च्युअलडीजे, रेकॉर्डबॉक्स सगळ्यांत आहे. ते काम लॅपटॉपचा प्रोसेसर करतो, कंट्रोलरवर फक्त बटनं असतात. जुन्या ४ जीबीच्या लॅपटॉपला स्टेम्सची बटनं असलेला नवा कंट्रोलर जोडून काहीही हाती लागणार नाही. विंडोजवर एएसआयओ (आवाजातला उशीर कमी करणारा) ड्रायव्हर टाका. बफर (बाहेर पडण्याआधी साठवलेला आवाजाचा तुकडा) ५१२ सॅम्पलवर ठेवलात तर ४४,१०० हर्ट्झला तो सुमारे साडेअकरा मिलिसेकंदांचा होतो, लग्नाच्या वाजवण्याला तेवढा चालतो. १०२४ला तो २३च्या पुढे जातो आणि पॅडवर बोट मारल्यावर आवाज मागे राहिल्याचं जाणवतं. स्क्रॅच करणाऱ्यांनी आणखी खाली यावं. कमी बफरवर आवाज तुटत असेल तर पैसे आधी लॅपटॉपवर घाला.

की लॅपटॉप सोडूनच द्यावा? एक्सडीजे-आरएक्स३सारखं स्टँडअलोन यंत्र घ्यावं? ज्यांच्या ऑर्डरी भरपूर आणि नियमित आहेत त्यांना माझा कल तिकडेच आहे. दोन चॅनल, १०.१ इंची स्क्रीन, एक्सएलआर, बूथ, दोन माइक, आणि गाणी रेकॉर्डबॉक्समधून तयार केलेल्या पेनड्राइव्हवर. ऐन वरातीत विंडोज अपडेटची भीती नाही. डेननचा प्राइम ४ चार चॅनलचा आहे आणि त्याला वेगळा झोन आउट आहे. नाचाच्या बाजूला एक गाणं आणि जेवणाच्या मंडपात हळू आवाजात दुसरं, हे एकाच यंत्रावर होतं. ही सोय मला फार आवडते. पण तो घेण्यापूर्वी नाशिकमध्ये किंवा निदान मुंबईत त्याची दुरुस्ती कोण करतं, फेडर मिळतात का, हे फोन करून विचारा. लग्नसराईत महिनाभर दुकानात पडलेलं यंत्र कितीही चांगलं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही.

क्लबमध्ये, फेस्टिव्हलमध्ये वाजवायचं स्वप्न असेल तर तिथे बहुतेक ठिकाणी सीडीजे आणि डीजेएम मिक्सरच समोर येतो. पहिला सीडीजे-१००० २००१मध्ये आला, तेव्हापासून मांडणीचा मूळ ढाचा फारसा बदललेला नाही. अशांनी रेकॉर्डबॉक्सच्या बाजूला राहावं आणि पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करून वाजवायची सवय आत्ताच लावावी.

सॉफ्टवेअर बदलणं ही लहान गोष्ट नाही. तुमचे क्यू पॉइंट (गाण्यात ठेवलेल्या खुणा), ग्रिड, प्लेलिस्ट ही कित्येक रात्रींची मेहनत असते, आणि ती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जशीच्या तशी जात नाही. एफएलएक्स४वर रेकॉर्डबॉक्सचा परफॉर्मन्स मोड (प्रत्यक्ष वाजवायची सोय) कंट्रोलर जोडल्यावर उघडतो, सेराटो मात्र लाइट मिळतं, प्रोसाठी वेगळे पैसे. मोठ्या एफएलएक्स१०वर दोन्ही पूर्ण उघडतात. हा खर्च खोक्यावर ठळक लिहिलेला नसतो, घेण्याआधी विचारून घ्या. आणि कृपा करून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकू नका. लोकांच्या आयुष्यातला एकदाच येणारा दिवस तुमच्या हातात असतो.

खरेदीला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघा. आपला लॅपटॉप, आपले हेडफोन आणि आपली गाणी सोबत न्या. दुकानातलं गाणं ऐकून ठरवू नका. संबळाचं एक गाणं लावा, सिंक बंद करा आणि दुसऱ्यावर जुळवून बघा. जुनं यंत्र घेत असाल तर प्रत्येक फेडर पूर्ण खाली ओढून आवाज गळतोय का ते हेडफोनमध्ये ऐका, यूएसबीची पिन हलवून बघा, माइक लावून बघा, आणि तुमच्या विंडोजला किंवा मॅकला त्याचा ड्रायव्हर अजून मिळतो का हे तिथेच तपासा. पक्कं बिल घ्या. थोडे पैसे वाचवायला बिलाशिवाय घेतलेल्या यंत्राच्या वॉरंटीसाठी पुढे कोणी उभं राहत नाही.

नवा घेतल्यावर जुना कंट्रोलर लगेच विकू नका. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावरचा स्पीकर रात्री १०ला बंद करावा लागतो, आणि आपल्याकडे जेवणं, आहेर, फोटो उरकून नाच सुरू होईपर्यंत साडेआठ वाजलेले असतात. दीड तास मिळतो. त्यात १० मिनिटं शांतता झाली तर ती भरून काढायला जागाच नाही. जुना कंट्रोलर आणि एक साधा लॅपटॉप टेबलाखाली चालू ठेवा, त्याची वायर साउंडवाल्याच्या मिक्सरवर वेगळ्या चॅनलला आधीच लावून घ्या आणि त्या चॅनलवर "डीजे २" अशी टेप चिकटवा. कार्यक्रमाआधी त्यावर एक गाणं वाजवून घ्या, म्हणजे गेन बसलेला असेल. मोबाइलमध्ये अर्ध्या तासाचा तयार मिक्स आणि तो जोडायची वायरही खिशात असू द्या.