उंची, रक्तगट आणि इतर पात्रता

बायोडाटा स्वतः लिहायला बसू नका. ही एक चूक टाळली की बाकीचं सगळं सुरळीत पार पडतं. नागपुरात सीताबर्डीत म्हणा, नंदनवनात म्हणा, कॉलेजच्या आसपास झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान असतंच. तिथल्या कॉम्प्युटरवर नोकरीचे आणि लग्नाचे बायोडाटे एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने नांदत असतात. म्हणून तर 'उंची' आणि 'रक्तगट' हे रकाने अकाउंट्स असिस्टंटच्या अर्जातही सापडतात.

"फ्रेशर का एक्सपिरियन्स?" दुकानदार मान वर न करता विचारतो. फ्रेशर म्हणालात की कुणाची तरी जुनी फाइल उघडून त्यातलं नाव बदलतो.

"हॉबी काय टाकू भाऊ?"

तुम्ही विचारात पडता.

"रीडिंग, ट्रॅव्हलिंग, म्युझिक टाकून देतो. सगळेच टाकतात. कोण वाचते बाप्पा!"

चहा संपायच्या आत प्रिंट हातात. तळाशी 'आय हियरबाय डिक्लेअर' करून वरची सर्व माहिती खरी असल्याची शपथ, आणि शपथेखाली आधीच्या मुलाचं नाव तसंच राहिलेलं. राहू द्या. आपल्या खरेपणाची हमी दुसऱ्या कुणी दिलेली केव्हाही बरी.

दुसऱ्याकडून लिहून घेण्यात कमीपणा नाही. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे काम मागणारं पत्र तयार केलं. त्याचा जो मसुदा आज शिल्लक आहे, तो त्याच्या हस्ताक्षरात नाही, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे डीटीपीवाला त्यालाही लागला! मजकुरात मात्र गडी चुकला. स्फोर्झाला लढाया करायच्या आहेत हे हेरून त्याने उचलून नेता येणारे हलके पूल, तोफा, चिलखती गाड्या यांचाच पाढा वाचला. चित्रकलेचा उल्लेख पार शेवटी. वडिलांचा व्यवसाय नाही, वैवाहिक स्थिती नाही. समोरच्याला काय हवं आहे याची इतकी फिकीर करू नये. तुम्ही बुटीबोरीचा कारखाना, मिहानमधली सॉफ्टवेअर कंपनी आणि धरमपेठेतला सीए, तिघांनाही एकच कागद पाठवा. 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' तिघांनाही चालतं. कुणालाच काही कळत नाही, त्यामुळे कुणाचा गैरसमजही होत नाही.

पत्ता सविस्तर हवा. प्लॉट नंबर, ले-आउटचं नाव, पाण्याच्या टाकीजवळ, हनुमान मंदिरासमोर, मानेवाडा रोड. कंपनीचा माणूस घर शोधत आला तर भटकायला नको. फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा चालेल. ईमेल अकरावीत उघडला तोच असू द्या, 'रॉयल', 'किंग' किंवा 'डेव्हिल' वाला. हुद्दा काय मागताय ते नावातच येतं. एटीकेटी लपवा. अभ्यासिकेत एमपीएससी करण्यात गेलेली वर्षं तर साफ गाळा, म्हणजे वाचणारा त्या रिकाम्या जागेत तुमची रवानगी थेट सेंट्रल जेलमध्ये करू शकेल.

आता मुख्य धोका. तुम्ही खरोखर काही काम केलं असेल, तर ते बायोडाट्यात शिरणार नाही याची डोळ्यांत तेल घालून काळजी घ्या.

मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे ठरवण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून एक आदर्श उमेदवार सांगतो. मुलगा काटोलकडचा, घरची संत्र्याची बाग, अर्ज अकाउंट्सच्या जागेसाठी. कागदावर 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेयर', 'क्विक लर्नर'. मुलाखत आटोपत आली आणि सहज विचारलं, सुट्ट्यांमध्ये काय करता? तर म्हणाला, काही नाही सर, घरीच राहतो, बाबांचा हिशोब पाहतो. खोदून विचारल्यावर हळूहळू बाहेर आलं. आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांचा माल कळमन्याच्या बाजारात जातो. प्रत्येक गाडीची अडत्याकडून हिशोबपट्टी येते. हा पठ्ठ्या वजन, भाव, हमाली, तोलाई, गाडीभाडं असं सगळं एक्सेलमध्ये चढवतो आणि पट्टीशी ताळा घालतो. एका हंगामात हमाली दोनदा कापल्याचं त्याने पकडलं आणि ते पैसे परतही मिळवले.

हे बायोडाट्यात का नाही, असं विचारलं तर लाजून म्हणाला, "ते तर घरचं काम आहे ना सर."

शाब्बास! अगदी हेच. आम्ही जे काम करायला माणूस शोधत होतो, ते काम तो आधीच करत होता आणि त्याने ते शिताफीने दडवलं होतं. चुकून त्याने 'संत्री विक्रीचे हिशोब एक्सेलमध्ये ठेवले, अडत्याच्या पट्टीतली दुबार कपात शोधून वसूल केली' अशी एक ओळ लिहिली असती, तर त्याचा कागद गठ्ठ्यात इतका खाली राहिलाच नसता. त्याऐवजी त्याने 'एमएस ऑफिस' लिहून पुढे पाच चांदण्या काढल्या होत्या आणि त्यातल्या चार रंगवल्या होत्या. पाचवी चांदणी कुणाकडे असते, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

फायनल इयरचा प्रोजेक्ट मात्र ठळक अक्षरांत. 'फेस रिकग्निशन अटेंडन्स सिस्टिम'. जिथून तुम्ही तो विकत घेतला तिथूनच वर्गातल्या आणखी चौघांनी घेतला, आणि पाचही जणांनी एकाच जागेला अर्ज केला, म्हणून काय झालं? एकी दिसते.

सजावटीत हात आखडता घेऊ नका. दोन कॉलम, डावीकडे गडद निळा पट्टा, त्यात फोन आणि मोबाईलची इवली चित्रं. पुष्कळ मोठ्या कंपन्यांत आलेला अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं. दोन कॉलम समोर आले की ते कधी कधी डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला जोडतं आणि तुमची पदवी 'बी.कॉम. क्रिकेट' होऊन बसते. असा उमेदवार दुसरा सापडायचा नाही. सगळा मजकूर चित्र करूनच पाठवला, तर सॉफ्टवेअरला बहुधा वाचायचा त्रासच उरत नाही. माणसाच्या हाती पडलाच, तर त्याला पुरवून वाचायला चार पानं हवीत. अमेरिकेतल्या 'द लॅडर्स' या नोकरीच्या संकेतस्थळाने 2018 मध्ये सांगितलं की भरती करणारा पहिल्या नजरेत एका बायोडाट्याला सरासरी 7.4 सेकंद देतो. तेवढ्यात तुमच्या वडिलांचं नाव आणि पाण्याची टाकी व्यवस्थित वाचून होते.

फाइलचं नाव 'बायोडाटा न्यू फायनल 2 लेटेस्ट'. आडनाव घालू नका, ओळख पटते.

राहिला फोन नंबर. तुमचं सिम बदलत असतं, तेव्हा वडिलांचा द्या. कंपनीतून बाई फोन करेल, तुम्ही झोपलेले असाल, आणि पुढची बोलणी जाणत्या माणसाकडून होतील.

"झोपला आहे तो. तुम्ही कुठून बोलता?"

"सर, इंटरव्ह्यूसाठी..."

"हो, पण ऑफिस कुठे? हिंगण्याला? मग जाण्यायेण्याचं काय? बस देता काय तुम्ही?"

"सर, ते आम्ही कँडिडेटशी..."

"कँडिडेटले काय समजते मॅडम, तुम्ही मले सांगा. पगार किती देता?"