जुन्या मोटारींविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या पावसाळ्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतल्या जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये एक मराठी संदेश मोबाइलवरून फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. पंधरा वर्षांवरील खासगी मोटार रस्त्यावर आणणे बेकायदा असल्याने ती वेळीच भंगारात द्यावी. ठेवायचीच असेल तर ‘व्हिंटेज’ नोंदणी करून घ्यावी, म्हणजे ती पूर्वीसारखी रोज वापरता येते. सुटे भाग आता मिळत नाहीत, तेव्हा दुसऱ्या गाडीचे किंवा डिझेलचे इंजिन बसवून घ्यावे. आणि प्रदर्शनात मांडायची असेल तर सगळा रंग सोलून ती आरशासारखी चकचकीत करावी, कारण परीक्षक चमकच बघतात. यांतली एकही गोष्ट सांगितली आहे तशी खरी नाही. हा संदेश वाचून माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आजोबांची ॲम्बॅसॅडर वजनाच्या भावाने विकली. दुसऱ्या कोणाच्या हातून तसे होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या मुद्द्याचा निकाल कायद्यातच आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 41 प्रमाणे खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते आणि त्यानंतर गाडीची तपासणी करून ती दर वेळी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. त्यासाठी फॉर्म 25 भरावा लागतो. शुल्क वाढले आहे, हे खरे. 1 एप्रिल 2022 पासून मोटारीच्या नूतनीकरणाला 5,000 रुपये पडू लागले आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरील मोटारीसाठी ते 10,000 रुपये झाले. पण शुल्क आकारून परवानगी देणे आणि बंदी घालणे या एकमेकांच्या उलट गोष्टी आहेत. वयावरून बंदीची चर्चा आली ती दिल्लीतून. राष्ट्रीय हरित लवादाचा 2015 चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा आदेश राजधानी परिसरापुरते होते, त्यांचा बेळगावच्या गाडीशी संबंध नाही. ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर झालेले भंगार धोरण खासगी मालकासाठी ऐच्छिक आहे. केवळ 15 वर्षे झाली म्हणून नोंदणी रद्द होते ती सरकारी वाहनांची, आणि तीही 1 एप्रिल 2023 पासून.

आपल्या भागात अडचण येते ती वयापेक्षा कागदांची. कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून घेतलेली आणि महाराष्ट्राच्याच क्रमांकावर वर्षानुवर्षे इकडे उभी असलेली गाडी अनेक वाड्यांत सापडते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या वाहनाला कलम 47 प्रमाणे तिथला क्रमांक घ्यावा लागतो. गाडी फारच जुनी असेल तर आणखी एक गाठ आहे. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, म्हणून त्याआधी नोंदलेल्या मोटारीचे मूळ आरसी बुक मुंबई राज्याचे असते. असे पिवळे पडलेले, कडा झिजलेले पुस्तक घरात असेल तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. त्याचे मोल पुढच्याच मुद्द्यात दिसेल.

व्हिंटेज नोंदणीचे नियम केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली आणि चेसीस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी वा चारचाकी त्यांत बसते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षे, आणि पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अर्जासोबत विमा आणि आधी नोंदलेल्या गाडीचे जुने आरसी बुक द्यावे लागते. रोजच्या वापराविषयीचे विधान तर नेमके उलटे आहे. अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. ज्याला दर रविवारी कुटुंबाला घेऊन जांबोटीकडे फिरायला जायचे आहे, त्याने साधी नोंदणीच वेळेवर वाढवून घ्यावी.

इंजिन बदलण्याचा सल्ला मला या सर्वांत घातक वाटतो, कारण तो वरवर व्यवहारी दिसतो. कलम 52 प्रमाणे उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल परवानगीशिवाय करता येत नाही आणि दुसऱ्या इंजिनाची गाडी व्हिंटेज नोंदणीतूनही बाहेर पडते. तांत्रिक बाजू त्याहून गंभीर आहे. फियाट आणि ॲम्बॅसॅडर या दोन्ही गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चेसीस नसते, बॉडीचा पत्राच सगळा भार पेलतो. तिथे जड डिझेल इंजिन बसवण्यासाठी पत्रा कापला आणि नवे माउंटिंग जोडले की समोरचे सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक ज्या वजनासाठी आखलेले होते ते गणितच बिघडते.

सुटे भाग मिळत नाहीत, हे विधान तर बेळगावात तरी कोणी मान्य करू नये. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट 1100 चे 1,089 सीसीचे इंजिन पुढे प्रीमियर पद्मिनीतही राहिले आणि पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालले. ॲम्बॅसॅडर तर 2014 पर्यंत बनत होती. पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, क्लच प्लेट या गोष्टी त्यामुळे थोड्या शोधाने मिळतात. जे मिळत नाही ते बनवता येते आणि त्यासाठी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीएवढी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. माझ्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर गोळा करून बाहेर नेणारा ओतीव नळा, तडकला तेव्हा मी तोच तुटका भाग पॅटर्न म्हणून, म्हणजे साचा घेण्याचा नमुना म्हणून, वापरा असे फाउंड्रीत सुचवले. तिथल्या वयस्क पॅटर्नमेकरांनी तो हातात फिरवून पाहिला आणि समजावले की ओतीव लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. जुन्या भागावरून सरळ साचा घेतला तर नवा भाग लहान येईल आणि त्याची भोके इंजिनाच्या बोल्टांशी जुळणार नाहीत. त्यांनी आकसण्याचा हिशोब धरून आणि मशीनिंगसाठी जागा सोडून लाकडी पॅटर्न नव्याने केला. एका नगासाठी भट्टीचा वेळ द्यायला कोणी तयार नसते, म्हणून आम्ही चार मालकांनी मिळून एकदम आठ नग ओतून घेतले. ज्या जिल्ह्यात हत्तरगीजवळ विमानांचे सुटे भाग तयार होतात, तिथे फियाटचा मॅनिफोल्ड होत नाही असे सांगणे हा इथल्या कारागिरांवर अन्याय आहे. खरी अडचण येते ती काचा, दारांची रबरे आणि दिव्यांची मूळ भिंगे यांची. ती कुठे दिसली तर आज गरज नसली तरी घेऊन ठेवावीत.

आता चमक. याविषयी मी अनुभवाने लिहितो. वडिलांची 1968 सालची फियाट 1100 डिलाइट मी प्रथम एका वर्कशॉपमध्ये दिली, तेव्हा मलाही नव्यासारखी गाडीच हवी होती. त्यांनी सगळी बॉडी जोराच्या दाबाने वाळू मारून सोलली. जाड लोखंडाला ते सोसते. बॉनेट आणि दारांच्या पातळ, सपाट पत्र्याला सोसत नाही. बॉनेटने लाटा धरल्या, त्या लाटा झाकायला लांबीचा (रंगाआधी भरतात त्या पुट्टीचा) जाड थर भरला गेला आणि वर रंग चढला. बॉनेटखाली पत्र्यावर ठोकलेला चेसीस क्रमांक तर वाळूने इतका झिजला की परिवहन कार्यालयासाठी कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा शेवटचे दोन आकडे उमटलेच नाहीत. ते पटवून देण्यात माझे कित्येक महिने गेले. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या खालच्या कडेला रंगाला फोड आले. पत्र्याचे काम करणाऱ्या ज्या टिंकर मामांकडे मी नंतर गेलो, त्यांनी खिशातून कापडात गुंडाळलेले लोहचुंबक काढले आणि दारावरून हळूहळू खाली फिरवले. वरच्या भागात ते घट्ट चिकटत होते, खाली चार बोटांच्या पट्ट्यात हातातून सुटत होते. तिथे लांबीच होती, पत्रा नव्हताच. तिच्यामागचा गंज न कापता ती भरल्यामुळे ओल आतच राहिली होती.

मामांनी निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजका भाग कापला, त्याच जाडीचा पत्रा जोडला, सांधा घासून सारखा केला आणि लांबी नखाएवढ्या थरावर आणली. मूळ रंग कोणता याचा शोध त्यांनी डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीतल्या स्टेपनीखाली घेतला, कारण तिथे ऊन आणि रंगारी दोन्ही पोहोचत नाहीत. स्टेपनीखालचा तो वीतभर जुना रंग आम्ही तसाच ठेवला आहे.

परीक्षक फक्त चमक बघतात, हेही खरे नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ 1966 पासून काम करते, आणि तिच्या ट्युरिन सनदेचा रोख मूळ धातू, मूळ बनावट आणि वापराच्या खुणा शक्य तेवढ्या राखण्याकडे आहे. जगातल्या नामांकित प्रदर्शनांत न सोललेल्या, न रंगवलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग असतो आणि कारखान्यातून निघताना नव्हती तेवढी चकाकी आणली तर गुण जाऊ शकतात. मी गाडी एका प्रदर्शनात मांडली तेव्हा परीक्षकांनी रंगावर हात फिरवला नाही. त्यांनी क्रमांक जुळवले, डिकी उघडायला सांगितली आणि स्टेपनी काढून तो वीतभर तुकडा विजेरीच्या उजेडात पाहिला. चालती, वापरातली जुनी गाडी लोकांना किती भावते हे कोल्हापूरच्या दसऱ्याला जाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते तेव्हा निपाणीहून गेलेली माणसेही तिच्यासाठी माना उंचावतात.

हाताशी पैसे मोजके असतील तर ते आधी ब्रेकवर घालावेत. चाकांतल्या ब्रेक सिलिंडरची रबरे आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय गाडी प्रदर्शनापर्यंतही नेऊ नये. महिनोन् महिने उभी ठेवायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करावेत, कारण आताच्या पेट्रोलमधले इथेनॉल ओल ओढते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. गाडीला घट्ट लपेटलेली प्लास्टिकची ताडपत्री काढून टाकावी. तिच्याखाली घाम धरतो आणि खानापूरकडच्या पावसात तो आठवडेच्या आठवडे वाळत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक दाराच्या खालच्या कडेची पाणी निघायची भोके तारेने मोकळी करावीत. तांबड्या मातीचा लगदा तिथेच बसलेला असतो, आणि माझ्या गाडीचे दार तिथूनच कुजले होते.