शिक्षणाची किंमत त्यांना पुरेपूर ठाऊक आहे

आज दुपारी एका स्नेह्यांकडे दिवाळीच्या फराळाला जमलो होतो. या दिवसांत आमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे परिसरातल्या प्रत्येक मराठी घरात निघतो तोच विषय तिथेही निघाला, तो म्हणजे मुलांचे कॉलेजचे अर्ज. कुणाचे निबंध अजून लिहून व्हायचे आहेत, कुणी आठवीपासूनच खासगी सल्लागार लावला आहे, कुणाला उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम मिळाले आहे, असे सगळे चालले असताना लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबांची वस्ती असलेल्या पूर्व सॅन होजेच्या शाळांचा उल्लेख झाला, आणि एरवी अत्यंत सहृदय असलेल्या एक बाई सहज म्हणाल्या, "त्या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही हो. मुलगा अठराचा झाला की कामाला लावून मोकळे होतात." दोघातिघांनी माना डोलावल्या. मी बोलायला सुरुवात केली, पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून यजमानीणबाईंनी चहा आणला आणि विषय बदलला. घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिथे अर्धवट राहिलेले बोलणे इथे पुरे करते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की मी शनिवारी सकाळी पूर्व सॅन होजेतल्या एका वाचनालयात शाळकरी मुलांना गणित आणि विज्ञान शिकवायला जाते. येणारी बहुतेक मुले मेक्सिकन, ग्वातेमालन किंवा साल्वादोरन घरांतली असतात. त्यांत एक मुलगी होती. वडील घरांची छपरे घालण्याच्या कामावर जात आणि आई रात्रपाळीला ऑफिसांची साफसफाई करी. ती अकरावीत असताना तिने एकदा मला आपले गुणपत्रक दाखवले. दहावीच्या रसायनशास्त्राला दोन्ही सहामाहींत 'डी' ही श्रेणी होती. शाळेने याबद्दल काय सांगितले, असे मी विचारले. तिने सांगितले की दहावीच्या अखेरीस आईला शाळेत बोलावले होते आणि दुभाषा नव्हता, त्यामुळे काउन्सेलरचे, म्हणजे शाळेतल्या सल्लागाराचे बोलणे आईला स्पॅनिशमध्ये सांगण्याचे काम तिनेच केले होते. रात्रपाळी संपवून तशीच आलेल्या त्या आईने एकच प्रश्न विचारला होता, युनिव्हर्सिटीत जायला एवढे पुरेल का? उत्तर मिळाले की मुलगी सगळ्या विषयांत पास आहे, डिप्लोमा वेळेवर मिळेल, काळजीचे कारण नाही. मुलीने ते जसेच्या तसे आईला सांगितले आणि दोघी समाधानाने घरी गेल्या.

आता आपल्या लोकांपैकी एकाला तरी हे ऐकून काय चुकले ते सांगावे लागेल का? युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्ही सरकारी विद्यापीठ-समूहांच्या प्रवेशासाठी 'ए-जी' म्हणून ओळखले जाणारे 15 वार्षिक अभ्यासक्रम पुरे करावे लागतात आणि त्या प्रत्येकात किमान 'सी' असावा लागतो, हे आपल्या मुलांना सातवीतच पाठ असते. शाळेच्या डिप्लोमाला 'डी' चालतो, विद्यापीठाला चालत नाही. म्हणजे एखादे मूल चार वर्षे नियमित शाळेत जाऊन, सगळ्या विषयांत उत्तीर्ण होऊन, टोपी-झगा घालून समारंभात मिरवू शकते आणि तरीही राज्यातल्या एकाही सरकारी विद्यापीठात थेट अर्ज करण्यास पात्र नसते. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत निम्म्याहून अधिक मुले लॅटिनो आहेत, आणि त्यांच्यातल्या बारावी होणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी मुले ही अट पुरी करतात. उरलेली सगळी आळशी होती आणि त्यांच्या सगळ्या आईबापांना शिक्षणाचे मोल नव्हते, असे मानायचे का? त्या आईने तर नेमका तोच प्रश्न विचारला होता.

कायद्याने शाळेने दुभाषा द्यायलाच हवा होता. ज्या पालकांना इंग्रजी येत नाही त्यांना समजेल अशा भाषेत माहिती देणे ही सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेची जबाबदारी आहे आणि मुलालाच दुभाषा करणे त्यात बसत नाही. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्याच भवितव्याबद्दलचे बोलणे भाषांतरित करायला लावायचे, तेही अपुरे बोलणे, आणि वर कुणी तरी फराळाच्या ताटावरून म्हणायचे की त्यांना किंमत नाही! मला याचा संताप येतो आणि तो येणे योग्य आहे असे मला वाटते. काउन्सेलरच्या माथी शेकडो मुले असतात हे मला मान्य आहे, पण ती अडचण त्या मुलीने का सोसायची?

आपण इथे कसे आलो ते आठवून पाहा. आपल्यातले बहुतेक जण हातात पदवी घेऊन, एच-वन व्हिसावर किंवा मास्टर्सला म्हणून आले. म्हणजे या देशाने आपल्याला आधीच गाळून घेतले होते. आपल्या मुलांच्या मागे पदवीधर आई, पदवीधर वडील आणि वर माहितीने भरलेले चारपाच व्हॉट्सअॅप समूह उभे असतात. आठवीत अल्जिब्रा झाले नाही तर बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचणे कठीण जाते, हे आपल्याला शाळेने सांगितले नाही, दोन वर्षे पुढे असलेल्या मुलाच्या आईने सांगितले.

आणखी एक गोष्ट लिहिते, ती काहींना रुचणार नाही. मूल शाळेत घालताना घरी कोणती भाषा बोलता याची एक प्रश्नावली भरून घेतात. इंग्रजीखेरीज दुसरी भाषा लिहिली की मुलाची इंग्रजीची परीक्षा होते, त्यात ते कमी पडले तर शाळा त्याला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीत घालते, आणि प्रावीण्य ठरेपर्यंत दरवर्षी परीक्षा आणि इंग्रजीचा वेगळा तास मागे लागतो. आपल्यात किती जणांना ओळखीच्यांनी आधीच बजावून ठेवले होते की घरी कितीही मराठी बोलत असलात तरी तिथे 'इंग्रजी'च लिहा? मेक्सिकन आईला हे कुणी सांगत नाही. ती खरे उत्तर लिहिते. तिचे मूल सहावी-सातवीपर्यंत अस्खलित इंग्रजी बोलू लागले तरी कुठल्याशा एका लेखी भागात थोडे कमी पडल्याने यादीतच राहते, आणि मग हायस्कुलात तो वेगळा तास वेळापत्रकातली एक जागा अडवून बसतो, जिथे 'ए-जी'मधला एखादा विषय बसला असता. ज्यांना इंग्रजी खरोखर येत नाही त्यांना त्या तासाचा उपयोग होतो, एवढे मी मानते. पण बाकीच्यांची वाट त्यानेच अडते.

शिक्षणाची किंमत नाही म्हणणाऱ्यांनी या राज्याचा इतिहास तरी वाचावा. ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टर गावात मेंडेझ कुटुंबाच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेतले नाही, मेक्सिकन मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत जायला सांगितले, तेव्हा शेती करणारे ते आईवडील इतर चार कुटुंबांना बरोबर घेऊन न्यायालयात गेले. 1946 साली ते जिंकले आणि 1947 साली अपिलातही निकाल कायम राहिला. शाळांतला वर्णभेद देशभर बेकायदा ठरवणारा ब्राउन खटल्याचा जो निकाल आपण सगळे जाणतो तो 1954 सालचा, म्हणजे त्यानंतरचा. 1968 साली पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कुलांतली हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या तक्रारींत ही होती की आम्हाला कॉलेजच्या तयारीचे विषय देत नाहीत, सुतारकाम आणि शिवणकामाकडे वळवतात, स्पॅनिश बोललो तर शिक्षा करतात. अभ्यास मागण्यासाठी वर्ग सोडणाऱ्या मुलांबद्दल आपण बोलत आहोत.

त्याच भागातल्या गारफिल्ड हायस्कुलात हाइमे एस्कालांते हे बोलिव्हियातून आलेले गणिताचे शिक्षक होते. 1982 साली त्यांची 18 मुले एपी कॅल्क्युलसची, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या गणिताची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि परीक्षा घेणाऱ्या संस्थेने त्यांतल्या 14 जणांच्या उत्तरपत्रिकांवर संशय घेतला. 12 मुलांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही पुन्हा उत्तीर्ण झाली. ही गोष्ट चमत्कार म्हणून सांगितली जाते, त्याचे मला वाईट वाटते, कारण एस्कालांते त्या शाळेत 1974 सालीच आले होते आणि खालच्या इयत्तांपासून गणित पक्के करत, उन्हाळी वर्ग चालवत, मुख्याध्यापकांचा पाठिंबा मिळवत त्यांनी ही वाट बांधत आणली होती. चमत्कार म्हटले की बाकीच्या शाळांवर काहीच जबाबदारी येत नाही.

माझ्या त्या विद्यार्थिनीचे घर मी नंतर पाहिले, म्हणजे तिच्या आईने आग्रहाने जेवायला बोलावले तेव्हा. जेवण झाल्यावर आईने कपाटातून एक फाइल काढली. बालवाडीपासूनचे प्रत्येक प्रगतिपुस्तक, नियमित हजेरीचे प्रत्येक प्रशस्तिपत्र प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटांत, वर्षवार लावून ठेवलेले होते. काठाशी पेनाने स्पॅनिशमध्ये बारीक टिपणे होती, त्या दिवशी शिक्षक काय म्हणाले याची. त्या बाई स्वतः सहावीपर्यंत शिकल्या आहेत. ती फाइल हातात घेतल्यावर मला माझे वडील आठवले. सातारा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा रयतच्या वसतिगृहात राहून, 'कमवा आणि शिका' करत शिकला, म्हणून मी आज इथे बसून हे लिहीत आहे. माझ्या आजोबांना सहीसुद्धा करता येत नव्हती. त्यांना शिक्षणाची किंमत नव्हती असे म्हणण्याची कुणाची छाती झाली असती का? वाट कर्मवीरांनी काढली होती, आजोबांनी मुलाला त्या वाटेला लावले. आपल्यातल्या कितीतरी घरांची हीच कहाणी आहे, दोन पिढ्यांमागची.

मुलाला कामाला लावतात, या आरोपाबद्दलही लिहिते. होय, काही घरांत ते होते. घरभाडे कसे भरायचे हा प्रश्न या सिलिकॉन खोऱ्यात त्यांना दर महिन्याला पडतो आणि थोरला मुलगा मिळवता झाला तर धाकट्यांना श्वास घेता येतो. पण तिथेही बहुतेकदा कॉलेज परवडणारच नाही अशी समजूत असते, आणि ती कुणी दूर करत नाही. कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलाला केंद्र सरकारचे पेल अनुदान वर्षाला 7,395 डॉलरपर्यंत मिळू शकते आणि कॅल ग्रँट या राज्याच्या अनुदानातून सरकारी विद्यापीठाची शिकवणी फी भागू शकते, हे कळायला आधी फॅफ्सा हा केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा अर्ज भरावा लागतो. 2023 साली तो अर्ज सोपा करण्याच्या नावाखाली एवढा बिघडवला गेला की ऑक्टोबरात उघडायचा तो डिसेंबरअखेर उघडला, आणि ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही अशा अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांनाही तो महिनोन्‌महिने ऑनलाइन पुरा करता येईना. त्या हिवाळ्यात वाचनालयात मुले तीच स्क्रीन पुन्हा पुन्हा उघडून बसत. आता तर अनेक घरांत आईवडिलांचे नाव-पत्ता सरकारी अर्जात घालायचीच भीती आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1982 च्या प्लायलर निकालाने बारावीपर्यंतच्या शाळेचे दार कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही उघडे ठेवले, पण त्यापुढच्या दाराबाबत तसा निकाल नाही, ते राज्यागणिक उघडते आणि मिटते.

त्या मुलीने अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात रसायनशास्त्राचा वर्ग केला. हायस्कूलच्या मुलांना तिथे बहुधा फी पडत नाही, हेही तिला शाळेने सांगितलेले नव्हते. तिला 'बी' मिळाला. तिच्या बुद्धीत दहावी ते अकरावी काही फरक पडला नव्हता. तिच्या गुणपत्रकाकडे 'ए-जी'च्या नजरेने पाहणारे एक माणूस तिला भेटले, इतकेच झाले, आणि तेही योगायोगाने. एका मुलीची वाट योगायोगावर असावी हेच मला सहन होत नाही. काय केले पाहिजे हे काही गूढ राहिलेले नाही. आपल्या शेजारच्या हेवर्डमध्ये शाबो कॉलेजात 1981 साली सुरू झालेला पुएंते प्रकल्प लेखनाचा कसून सराव, लॅटिनो समाजातलेच मार्गदर्शक आणि सतत भेटणारा काउन्सेलर यांची सांगड घालतो आणि आज तो राज्यभर चालतो. सॅन डिएगोत 1980 साली एका शिक्षिकेने सुरू केलेला 'अॅव्हिड' कार्यक्रम मधल्या फळीतल्या मुलांना अवघड विषयांत बसवतो आणि टिपणे काढण्यापासून सगळे हाताला धरून शिकवतो. प्रत्येक शाळेत नववीच्या पहिल्या महिन्यात, पालकांच्या भाषेत, दुभाष्यासह, 'सी' आणि 'डी' यांतला फरक समजावून सांगणारी एक बैठक झाली पाहिजे. तेवढी होईपर्यंत ते काम आपल्यासारख्यांनी करायचे आहे, कारण ही माहिती आपल्याकडे पडून आहे.

आमच्या वाचनालयात जानेवारीपासून माणसे हवी आहेत. गणित-विज्ञान शिकवणारे हवेत, आणि त्याहून अधिक हवेत ते नववी-दहावीच्या मुलांची गुणपत्रके त्यांच्याशेजारी बसून वाचणारे. मार्चच्या 2 तारखेला कॅल ग्रँटची मुदत संपते, त्याआधीचे शनिवार अर्जांसाठी राखून ठेवले आहेत. स्पॅनिश येत नसले तरी चालेल, तिथे येणारी कॉलेजची मुले दुभाष्याचे काम करतात. कुणाला कागदपत्रांबद्दल विचारायचे नाही आणि अर्जात दिसलेले बाहेर कुठे बोलायचे नाही, या दोन अटी मात्र काटेकोर आहेत. बोटांचे ठसे देऊन होणारी पडताळणी वाचनालयामार्फत होते आणि तिला वेळ लागतो, म्हणून ज्यांना जमेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये याच आठवड्यात कळवावे.