दहावी पास किंवा नापास, दोन्ही चालेल!

आज सकाळी शाळेच्या गेटवर एक पिवळा कागद चिकटवलेला होता. वर जहाजाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'मर्चंट नेव्हीत थेट भरती. दहावी पास किंवा नापास, दोन्ही चालेल! पगार डॉलरमध्ये. नोकरीची १०० टक्के हमी.' आणि मोबाइल नंबर. मी पर्समधली स्टीलची पट्टी काढून तो खरवडायला घेतला. खळ एवढी घट्ट की निम्मा नंबर तसाच राहिला आणि पिवळा लगदा अजून माझ्या नखांत आहे. शिपाईमामा म्हणाले, "राहू द्या ना बाई, कुणाचं तरी भलं होईल." त्यांचा दोष नाही. पण माझं डोकं जे फिरलं ते अजून ठिकाणावर नाही, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मी म्हटलं की मुंबईत सरकारी खर्चाने चालणारी एक तरी सागरी शाळा पाहिजे. आठवी ते बारावी, आपल्याच बोर्डाची, पण बोटी, बंदर, समुद्र हे सगळं शिकवणारी. एक सर डबा उघडत म्हणाले, "सरकारने कशाला पैसे घालायचे? ज्यांची जहाजं आहेत त्यांनी घालावेत." मग भेंडीची भाजी खाल्ली आणि विषय संपला. त्यांचा संपला. माझा कसा संपेल? माझ्या घरात बाळू आहे.

बाळू माझा भाचा, ताईचा धाकटा. (खरं नाव घालू नकोस, असं त्यानेच सांगितलंय.) शिवडीला वाढला. भावोजी गोदीत होते, आमचे बाबाही गोदीत होते. लहानपणापासून पोराचं एकच, मी बोटीवर जाणार. २०१९ मध्ये बारावी झाली आणि कुणाच्या तरी ओळखीने एक एजंट भेटला. काचेचं ऑफिस, टेबलावर छोटं पितळी सुकाणू, भिंतीवर गणवेशातल्या मुलांचे फोटो. जीपी रेटिंगच्या, म्हणजे जहाजावरच्या खलाशाच्या, कोर्सला सीट देतो, कोर्स संपला की कंपनीही देतो. दोन हप्त्यांत पावणेतीन लाख. भावोजींच्या फंडाचे पैसे. ताईने विचारलं, मेडिकलचं काय? तो म्हणाला, "ते आमचे डॉक्टर बघतात, तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्या डॉक्टरने बघितलं म्हणजे सही केली. पुढे खऱ्या प्रवेशाच्या वेळी खऱ्या डॉक्टरने रंग नीट ओळखता येतात का ते तपासायचं ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर १२ हा आकडा असतो, तो सगळ्यांनाच दिसतो. दुसऱ्या पानावर ८ असतो.

बाळूला ३ दिसला.

पाच मिनिटांत संपलं सगळं. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. रात्री समोरून येणारी बोट कुठल्या दिशेने जातेय ते त्या दोन रंगांवरून ओळखायचं. ते ज्याला नीट दिसत नाहीत त्याला पहाऱ्यावर उभा करता येत नाही, हे मला मान्य आहे, शंभर टक्के मान्य आहे. पण हे कळायला एकोणिसावं वर्ष आणि पावणेतीन लाख रुपये लागले. पैसे परत मागायला गेलो तर पितळी सुकाणू जागेवर होतं, माणूस नव्हता. चौकीत सांगितलं, हे दिवाणीत जाईल.

बाळू ज्या शाळेत आठवीला होता तिथे एक पुस्तक आणि पाच मिनिटं असती तर? एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळं याच्या भोवतीचं आहे.

आता कोणी म्हणेल, कोर्सची माहिती ऑनलाइन असते, डीजी शिपिंगच्या, म्हणजे जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, साइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, लायसन असलेल्या एजंटांची यादी असते, बघायची ना. असते! इंग्रजीत असते. दहावी पास लागते, गणित, विज्ञान विषय लागतात, एकूण ४० आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात, वय साडेसतरा पूर्ण लागतं, हे सगळं तिथे आहे. म्हणजे 'दहावी नापास चालेल' हे वाक्यच खोटं. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घ्यायचे नाहीत हाही नियमच आहे. पण हे भावोजींना कोण सांगणार होतं? डीजी शिपिंगचं ऑफिस याच मुंबईत आहे, आणि शिवडीच्या खोलीतून ते जेवढं लांब आहे तेवढं लंडनही नसेल.

आमच्या शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. वर्गात फळ्याकडे पाठ केली की क्रेनच. ४१ मुलं आहेत माझ्या आठवीत. मागच्या महिन्यात सहज विचारलं, पोहायला कोणाकोणाला येतं? तीन हात वर आले, त्यातला एक नंतर खाली गेला. समुद्रापासून चालत दहा मिनिटांवरची मुलं ही! त्यांच्यासाठी समुद्र म्हणजे भिंतीपलीकडे काहीतरी आहे ज्याचा पावसाळ्यात वास येतो. गोदीच्या भिंती, नेव्हीच्या भिंती, आता क्रूझवाल्या पाहुण्यांसाठी चकाचक टर्मिनल. मुंबईची अख्खी पूर्व किनारपट्टी अशीच गेटाआड आहे, आणि शेकडो एकर जमीन बंदराच्या ताब्यात आहे. तिथलं एक जुनं गोदाम शाळेला द्यायला काय जातं कुणाचं?

आणि सरकारने कशाला, म्हणणाऱ्या सरांना माझगावचाच इतिहास सांगते. १९२७ साली 'डफरिन' नावाचं ट्रेनिंग शिप इथेच, माझगावसमोर पाण्यात नांगरून ठेवलं होतं. भारतीय मुलांना जहाजावरचे अधिकारी करण्यासाठी. इंग्रज सरकारच्या पैशाने! तोवर अधिकारी गोरा आणि खलाशी आपला अशीच वाटणी होती. पुढे १९७२ मध्ये डफरिनच्या जागी 'राजेंद्र' आलं, १९९३ पासून त्याच्या जागी 'चाणक्य' आहे, ते जहाज नाही, नवी मुंबईत जमिनीवरची संस्था आहे. म्हणजे सरकारने पैसे घालायचे की नाही हा प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वीच निकालात निघालाय. फक्त ते पैसे बारावीनंतरच्या मुलांवर घातले जातात, ज्यांना फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे क्लास परवडतात, प्रवेश परीक्षेचा फॉर्म कुठे भरायचा ते ठाऊक असतं. बाबा सांगायचे, आम्ही पोरं धक्क्यावरून डफरिन बघायचो. बघायचो, बस.

साताऱ्याला १९६१ पासून सैनिकी शाळा आहे. फार चांगली गोष्ट आहे. सैन्यात जाणारा मुलगा लहानपणी हेरून घडवावा लागतो हे कळतं, मग समुद्रावर जाणारा काय आभाळातून पडतो? कोरियात बुसान आणि इंचॉनला सरकारी सागरी हायस्कुलं आहेत. न्यूयॉर्कमध्ये एका बेटावर सरकारी हार्बर स्कूल आहे, मुलं रोज फेरीबोटीने शाळेत जातात. आपल्याकडे माझगाव-भाऊच्या धक्क्याच्या मुलांनी फेरीबोट बघायची ती मोरा-रेवसला जाताना, तीही गावी कोणी असेल तर.

(पोळ्या करायला उठले होते. परत आले. मगाशी जरा जास्तच चिडले होते का? असो, खोडत नाही.)

हो, वर्सोव्याला मत्स्यव्यवसाय खात्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, आयटीआय आहेत. ठीक आहे. पण ते सहा महिन्यांचं, मोठ्या मुलांसाठी, मासेमारीपुरतं. मी बोलतेय तेरा वर्षांच्या मुलांबद्दल.

खरा आक्षेप एकच, आणि तो माझ्या मैत्रिणीने घेतला, जी स्वतः वरळी कोळीवाड्यातली आहे. म्हणाली, "म्हणजे कोळ्यांच्या पोरांनी परत पाण्यातच जायचं का ग? आमच्यातला कोणी सीए झालेला बघवत नाही का तुम्हाला?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही पूर्ण नाही. शाळा कोळ्यांसाठी नव्हे, सगळ्या मुंबईसाठी असावी, मुलींसाठीही, आणि बाहेर पडायची वाट उघडी असावी एवढं मी म्हणू शकते. जातीचा धंदा गळ्यात बांधणारी शाळा मलाही नकोय.

पण तिच्याच कोळीवाड्याची गोष्ट तिला आठवून दिली. कोस्टल रोडचे खांब वरळीच्या बोटींच्या वाटेत येत होते. दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवणार होते. कोळी म्हणाले, वारा आणि करंट एकत्र आले की बोट खांबावर आपटणार. भांडले, बोटी घेऊन समुद्रात उभे राहिले, शेवटी १२० मीटर झाले. त्यांना हवे होते त्याहून कमीच, पण झाले. हजारो कोटींच्या रस्त्याच्या नकाशात जे दिसलं नाही ते टंडेलांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या कोळ्यांना, दिसलं. आता असा एखादा टंडेल माझ्या कल्पनेतल्या शाळेत शिकवायला बोलवा बरं. बोलवताच येणार नाही. बी.एड. नाही, टीईटी नाही! मला भरती-ओहोटी पुस्तकातून शिकवता येते म्हणून मी शिक्षिका आणि त्याला ती पायाला कळते म्हणून तो अशिक्षित.

पैशांचं म्हणाल तर पालघरच्या वाढवण बंदराचा खर्च ७६,२२० कोटी आहे. ते व्हावं की नाही यावर माझं मत मच्छीमारांच्या बाजूचं आहे, माझ्या भिंतीवर याआधी भांडणंही झालीत, आज नको. पण होणारच असेल तर रोजगार मिळणार, रोजगार मिळणार म्हणून जे सांगतात त्यांनी एवढं सांगावं की कुठल्या शाळेतून शिकून जाणार आहेत आपली मुलं तिथे? की पुन्हा गेटवर वॉचमन?

सगळ्यांनी बोटीवरच जावं असं तर मी म्हणतच नाहीये. सहा-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, घरात बारसं झालं तरी फोटो बघायचा, कोणी गेलं तरी फोटोच बघायचा. आमच्या चाळीत एक काका बोटीवर होते, त्यांची मुलं त्यांना पहिले चार दिवस 'अहो' म्हणायची. पण बोटीच्या मागे किनाऱ्यावर शंभर कामं असतात. बंदरातली मालाची कागदपत्रं, जहाजाचं डिझाइन, वेल्डिंग, हवामान, विमा. बाळूला यातलं काहीही करता आलं असतं. गणित उत्तम होतं त्याचं. त्याला कोणी सांगितलंच नाही की बोटीवर न जाताही बोटींचं काम करता येतं.

कोणी म्हणजे कोणी? मीच.

हे लिहायचं नव्हतं, पण आता इथवर आलेच आहे. मी विज्ञान शिकवते. डोळ्यातल्या शंकूच्या आकाराच्या पेशींनी रंग कळतात, त्यातल्या काही नसल्या की ठरावीक रंग ओळखता येत नाहीत, हे मी दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते, दोन मार्कांना येतं म्हणून अधोरेखित करायला लावते. बाळू तिसरीत असताना माझ्याकडे सुट्टीत आला होता. चित्रकलेच्या वहीत त्याने पोपट काढला आणि तपकिरी रंगवला. अगदी मन लावून, रेषेच्या बाहेर न जाता. मी म्हटलं, "बाळू, पोपट भाजलायस का रे?" सगळे हसलो. तोही हसला. ती वही ताईकडे अजून आहे.

ज्या दिवशी डॉक्टरने नापास केलं त्या रात्री त्याने मला फोन केला होता. रडला नाही. विचारलं, "मावशी, तुला दुसऱ्या पानावर खरंच आठ दिसतो?"

आज तो एका कुरियर कंपनीत आहे, बाइकवरून फिरतो, बरं चाललंय, लग्नाचं बघतोय. सिग्नलला अडत नाही, वरचा दिवा की खालचा ते बघून कळतं म्हणतो. मघाशी त्याला त्या पिवळ्या कागदाचा फोटो पाठवला तर त्याचं उत्तर आलं, "कागद पिवळा होता हे तू सांगितलंस म्हणून बरं" आणि वर हसणारा चेहरा.

सरांना म्हणावं, शाळा होईल तेव्हा होईल. नगरसेवकांना, आमदारांना अर्ज लिहायचा आहे, मसुदा करतेय, सह्या करणार असाल तर खाली लिहा. नुसतं 'अगदी खरं' लिहून पळू नका. कायद्यातलं कळणारं कोणी असेल तर मेसेज करा.

आणि ते ठिपक्यांचं पुस्तक मी मागच्या वर्षी विकत घेतलंय. माझ्या आठवीच्या सगळ्या वर्गाचं बघून झालं. दोन मुलं दुसऱ्या पानावर अडकली, दोघांच्या आयांना बोलावून नीट समजावलं, डॉक्टरकडे पाठवलं. एकाला इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं, वायरींचे रंग आहेत, त्याच्याशी अजून बोलायचंय. पुस्तक तुमच्या शाळेत न्यायचं असेल तर घेऊन जा. फक्त उन्हात ठेवू नका, रंग उडतात, आणि आठवड्यात परत द्या.